थांबवण्याचा अधिकार ताडपत्रीवरच्या बाईला द्या

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

तूर निघाली की विदर्भातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या आणि महिला बचत गटांच्या दालमिल सुरू होतात. उतारा (क्विंटलभर तुरीमागे निघणारी डाळ) कमी पडला की बैठकीत बोट दोघांकडेच जातं, मशीनकडे नाहीतर मजुरांकडे. माल कधी चालवायचा हे कोण ठरवतं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. खरी गडबड बहुतेक वेळा तिथेच असते.

तुरीला टरफल साधारण 12 ते 15 टक्के. म्हणजे क्विंटलमागे 85 किलोच्या आसपास डाळ निघायला हवी, पण गावच्या गिरणीत पदरात पडते 70 ते 75 किलो. बाकीची कणी (फुटलेली डाळ), चुनी (टरफलासकटचे बारीक तुकडे) आणि भुकटीत जाते. मोठा-बारीक दाणा चाळून वेगळा केला नाही, तर मोठा रोलरवर, म्हणजे टरफल घासून काढणाऱ्या रुळावर, फुटतो आणि बारीक टरफलासकट निघून जातो. पहिल्या घासणीनंतर क्विंटलला अर्ध्या किलोच्या आसपास तेल चोळायचं, रात्रभर ढीग लावायचा, मग ताडपत्रीवर दोन-तीन दिवस ऊन द्यायचं. त्यानंतर दोन ते पाच लिटर पाणी शिंपडून पुन्हा ढीग, पुन्हा ऊन. ऊन कमी पडलं तर टरफल चिकटून राहतं, तोच माल दोन-तीनदा रोलरवर जातो आणि प्रत्येक फेरीला कणी वाढते.

हे सगळ्यात आधी कळतं ते दिवसभर उन्हात तूर वाळवणाऱ्या बाईला. दाणा दाताखाली धरला की कट् वाजला पाहिजे. दबला तर अजून एक ऊन हवं. पण संध्याकाळी गाडी भरायची असते, कंपनीच्या सीईओचा (मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा) फोन येतो, ‘सुरू करा’, आणि बाई गप्प राहते. मशीन थांबवायला सांगणं तिच्या कामात धरलेलंच नसतं. रोज 10 क्विंटल तूर भरडणाऱ्या गिरणीचा उतारा 72 वरून 70 वर आला, तर दिवसाला 20 किलो डाळ गेली. किलोला 100 रुपये धरले तर 2,000 रुपये. कणी-चुनीचे थोडे परत येतात, तरी नुकसान मोठंच.

म्हणून संचालक मंडळाने पहिला ठराव हा करावा: वाळवण पुरी झाली की नाही, हे वाळवणारा गटच ठरवेल आणि त्याच्या होकाराशिवाय माल रोलरवर जाणार नाही. चाळणी कोणती लावायची, उन्हाळ्यात काम पहाटे किती वाजता सुरू करायचं, पाळ्या कशा लावायच्या, हेही गटाकडेच असावं. खरेदीचा भाव आणि कर्ज मंडळाने ठरवावं, पण आकडे सगळ्यांना सांगावेत. सगळंच सगळ्यांनी ठरवायचं म्हटलं की काहीच ठरत नाही.

आठवड्याची बैठक कामाच्या वेळेत, गिरणीतच, 40 मिनिटांची असावी आणि त्या वेळेची रोजी कापू नये. सहानंतर बैठक ठेवली की बाया चुलीकडे पळतात आणि चार पुरुष ठराव करतात. पहिला विषय नेहमी मागच्या सूचनांचं काय झालं हा असावा. जे जमलं नाही त्याचं कारण तिथंच सांगावं. दोनदा उत्तर मिळालं नाही की तिसऱ्यांदा कुणी तोंड उघडत नाही, रजिस्टरवर सह्या तेवढ्या होत राहतात. सीईओने शेवटी बोलावं. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक घाण्याची (एका खेपेला भरडलेल्या मालाची) तूर, डाळ, कणी, चुनी किलोत लिहावी. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने निर्णयाआधी अभ्यास गटात विषय समजून घ्यायची रीत पाडली. हिशेब वाचता न येणाऱ्याला मत विचारणं म्हणजे नुसता उपचार, म्हणून फळा वाचायला शिकवणं हेही कामच धरावं.

मोबदल्याकडे नीट पाहावं. निवडाई किलोवर दिली की हात घाई करतात आणि डाळीत खडे राहतात. कणी झाली म्हणून दंड लावला की कणी लपवली जाते. नुसत्या उताऱ्यावर बोनस ठेवला तर टरफल अर्धवट ठेवून वजन भरून काढलं जाईल. यासाठी रोजी कायम ठेवून बोनस सगळ्या गटाला मिळून द्यावा, आणि प्रत्येक घाण्यातून 100 ग्रॅम नमुना काढून त्यातली टरफलाची डाळ सर्वांसमोर वेगळी करून तोलावी. रोजी किमान वेतनाखाली असेल किंवा थकत असेल, तर आधी ती चुकती करावी. सहभाग हा रोजीचा पर्याय नव्हे.

एक गोष्ट मंडळांनी कायद्यात पाहावी. निवडाईच्या बाया बहुधा भूमिहीन. सातबारा नाही म्हणून त्यांना भागधारक केलं जात नाही. कंपनी कायद्यात मात्र उत्पादक म्हणजे प्राथमिक उत्पादनाशी संबंधित काम करणारी कोणतीही व्यक्ती, सातबाऱ्याची अट त्यात नाही. ती कंपनीच्या नियमावलीत असेल तर येत्या वार्षिक सभेत काढता येते, आणि सभासद झालेल्या बाईला संचालकाइतकंच एक मत मिळतं. गिरणी बंद असते त्या पावसाळ्यातच हा विषय सभेपुढे आणावा, म्हणजे नवी तूर येईपर्यंत भाग देऊन होतील.

— शेतकरी उत्पादक कंपन्यांसोबत काम करणारे कार्यकर्ते,
जि. यवतमाळ