सिंकखालच्या कपाटाविषयी

न्यू जर्सी

तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार,

फोनवर तुम्ही सिंकखालच्या कपाटाची चौकशी केली होती, तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्याकडे ओटा उभ्या कडप्प्यांवर टेकलेला असल्यामुळे सिंकच्या वजनाची वेगळी काळजी करावी लागत नाही. इथे प्लायवुडची सुटी कपाटे ओळीने भिंतीला स्क्रूने आवळतात आणि त्यांवर तीन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट ठेवतात. स्टीलचे हलके सिंक त्या दगडाला खालून क्लिपा आणि चिकट मसाल्याने धरून ठेवले तरी चालते.

आमचे सिंक मात्र इनॅमल चढवलेल्या ओतीव लोखंडाचे आहे. ते रिकामेच सुमारे ५० किलो भरते. आतून ३० इंच लांब, १६ इंच रुंद आणि ९ इंच खोल असल्यामुळे काठोकाठ भरले तर ७० लिटर, म्हणजे आणखी ७० किलो पाणी त्यात मावते, आणि तळाला कचरा दळणारे यंत्र लटकणार ते निराळेच. एवढा भार नुसत्या मसाल्यावर सोडणे मला पटले नाही.

कपाट ३६ इंच रुंद असून त्याच्या बाजू पाऊण इंची प्लायच्या आहेत. दोन्ही बाजूंना आतून दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद पाइनच्या आडव्या पट्ट्या बसवल्या, सिंकची कड त्यांवर टेकवली आणि प्रत्येक पट्टीखाली पुढे-मागे एकेक उभा पाय दिला, म्हणजे स्क्रूंवर भार न येता तो सरळ खाली उतरतो. कपाटाचा तळ जमिनीपासून साडेचार इंच वर असतो, त्यामुळे पाय तळाच्या फळीवर उभे केले तर फळीच वाकेल. म्हणून पायांच्या बरोबर खाली लाकडी ठोकळे घालून भार थेट जमिनीला दिला. पट्ट्यांची उंची अशी धरली आहे की सिंकची कड कपाटाच्या माथ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खाली राहील: दगड कपाटावर बसावा, सिंकवर नव्हे. ती फट सिलिकोनने भरायची.

तुमच्या नजरेला लगेच खटकेल ती गोष्ट म्हणजे पाठ. नळांसाठी मागची फळी बरीच कापावी लागते आणि वर सिंक असल्याने माथ्यावर आडवी पट्टीही घालता येत नाही, त्यामुळे असे खोके गुणियात, म्हणजे काटकोनात, राहायला तयार नसते. मागे वर-खाली दोन रुंद पट्ट्या आवळल्यावरच ते ताठ झाले. ओतीव सिंकच्या मापात थोडा फरक निघतोच, तेव्हा प्रत्यक्ष नग हाती आल्याशिवाय दगड कापायला दिला नाही.

एक विचारायचे आहे. पाइपाच्या सांध्यातून पाणी झिरपले तर पायांची खालची टोके ते शोषून घेतील. तुम्ही चौकटींच्या पायथ्याला डांबर लावत होता, पण स्वयंपाकघरात त्याचा वास राहील अशी शंका वाटते. दुसरे काय लावावे, हे दगड बसवणारा येण्यापूर्वी कळवावे.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुमचा पुतण्या