काहिलीवरची वाफ

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज भरून आला होता. दोन गुण गेल्याचं तुला फारसं नव्हतं. एवढा विचार करून लिहिलेलं उत्तर चुकलंच कसं, हे तुला खात होतं. मी समजावायला लागलो, पण मागे घाणा चालू होता, काही ऐकूच जाईना. आज अमावास्या, गुऱ्हाळ बंद. म्हणून निवांत बसून लिहितोय.

प्रश्न असा होता: 100 अंशांचं पाणी आणि 100 अंशांची वाफ, कोणाचे रेणू जास्त वेगाने धावतात? तू लिहिलंस, वाफेचे. बाळा, कोणालाही असंच वाटेल. बी.एस्सी.ला असताना मलाही असंच वाटायचं. ते नीट उमगलं गुऱ्हाळावर आल्यावर, काहिलीशेजारी, म्हणजे रस आटवायच्या त्या मोठ्या कढईशेजारी, उभा राहून.

तुझ्या आजोबांच्या हाताखाली माझा तो पहिलाच हंगाम होता. कॉलेजातून आलेला मुलगा, खिशात थर्मामीटर. काहिलीत हजार किलो रस, खाली चुलवाणात चिपाडं धडधडून पेटलेली. पारा सरसर चढला. रानभेंडीचं पाणी घातलं, मळी, म्हणजे रसातली घाण, वर आली, ती काढून झाली आणि रस खदखदू लागला. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे पाणी इथे 98 अंशांच्या आसपासच उकळतं. पारा तिथवर आला आणि थांबला. मी वाट बघतोय. चुलवाणात चिपाडं पडतच होती, जाळ कमी झाला नव्हता, आणि पारा मात्र रेंगाळलेला. बराच वेळ झाला तरी दोन-तीन अंशांच्या पुढे जाईना. मी आजोबांना विचारलं, एवढा जाळ जातोय कुठे? त्यांनी वर बोट दाखवलं. छपरातून पांढरे लोट बाहेर पडत होते.

ते बरोबरच होतं. तापमान म्हणजे रेणूंच्या हालचालीचं माप, सरासरी वेगाचं म्हण. पण पाण्याचे रेणू नुसते हलत नसतात, एकमेकांना धरूनही असतात. उकळी येईपर्यंतचा जाळ त्यांची धावपळ वाढवतो, म्हणून पारा चढतो. उकळी आल्यावर जाळ दुसऱ्याच कामाला लागतो. रेणूची शेजाऱ्यांशी असलेली पकड सोडवून त्याला मोकळं करायचं, याच कामात तो सगळा खर्ची पडतो. वेग तेवढाच राहतो, म्हणून पारा हलत नाही. मोकळे झालेले रेणू इतके लांब पांगतात की एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून जास्त जागा घेते. म्हणजे वाफेकडे ऊर्जा जास्त असते, हे तुझं अगदी खरं. फक्त ती वेगात नसते, सुटकेत असते. तुझी चूक एवढीच.

पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने 1760च्या दशकात हे पकडलं. शून्य अंशाला पोचलेला बर्फ जराशा उष्णतेने एकदम वितळत असता, तर वसंतात डोंगरावरचा सगळा बर्फ एका झटक्यात पाणी होऊन पूर आले असते, असा त्याचा विचार होता. तसं होत नाही, अर्थात वितळायलाच भरपूर उष्णता लागत असली पाहिजे. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला 540.

तो 540 आकडा पाठ करू नकोस, आपल्या काहिलीवर लावून बघ. हजार किलो रसात आठशे किलो पाणी धर. सगळा रस उकळीपर्यंत आणायला सत्तर हजार किलोकॅलरींच्या आसपास लागतात. ते आठशे किलो पाणी उडवायला 4 लाख 32 हजार. सहापट! म्हणजे आपलं जवळजवळ सगळं जळण त्या न हलणाऱ्या पाऱ्यापायी जातं.

आणि ही ऊर्जा नाहीशी होत नाही, याचा पुरावा आईच्या मनगटावर आहे. इडलीपात्राचं झाकण उघडताना वाफ लागली होती, आठवतं? उकळतं पाणी अंगावर पडून 37 अंशांपर्यंत निवताना ग्रॅममागे 63 कॅलरी देतं. वाफ कातडीवर आधी पाणी होते, तिथेच 540 सोडते आणि मग वर त्या 63. आई बिचारी आठ दिवस पट्टी बांधून होती.

शेवटी शेवटी काहिलीत पाणी कमी आणि साखर जास्त उरते. साखर उरलेल्या पाण्याला धरून ठेवते, ते सुटायला जास्त तापावं लागतं, आणि पारा पुन्हा चढू लागतो. 105च्या आसपास काकवी, 115च्या पुढे गूळ. गुळवेमामांना थर्मामीटर लागत नाही. गार पाण्यात पाकाचा थेंब टाकतात, बोटांनी त्याची गोळी वळतात, ती कडक झाली की काहील उतरवायला सांगतात. 

आता जे सांगायला हे पत्र घेतलं ते. वाफ जे घेऊन जाते ते परत मिळवता येतं. न्यू ऑर्लिन्सला 1806 साली जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियू या कृष्णवंशीय इंजिनिअरने हे साखरेतच करून दाखवलं. तिकडेही उघड्या कढयांत रस आटवायचे, गुलामांच्या हातून, आणि उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतताना ती माणसं भाजायची. रिलियूने बंद भांडी जोडली. पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्याच्या नळ्यांत सोडली. ती तिथे पाणी होताना 540 परत देते, त्यावर दुसरं भांडं उकळतं. आतली हवा काढून दाब कमी केल्यामुळे दुसऱ्यातला रस कमी तापमानालाच उकळतो, नाहीतर हे जमलंच नसतं. 1843 साली त्याला पेटंट मिळालं. आज आपल्याकडच्या साखर कारखान्यांत रस आटतो तो याच युक्तीने, एकापुढे एक भांडी लावून.

आपल्याला तेवढं परवडणार नाही. पण काहिलीवर पत्र्याचं झाकण बसवून ती वाफ एका नळीतून पुढच्या आदणाच्या, म्हणजे पुढच्या खेपेच्या, रसात फिरवली, तर तो उकळीजवळ येऊनच काहिलीत पडेल. झाकण असताना मळी कशी काढायची, हा पेच सुटत नाहीये. एका वहीत चार आकृत्या काढून ठेवल्यात, दोन तर मलाच पटत नाहीत.

सुट्टीला येशील तेव्हा आपण दोघं बसू. येताना प्रयोगशाळेच्या दुकानातून 150 अंशांपर्यंतचा थर्मामीटर आण. माझ्याकडचा 110चा आहे, काकवीपर्यंतच पुरतो.

तुझा,
बाबा