ई-पुस्तकांचे करार वाचून सही करा

महोदय,

ई-पुस्तकांच्या वर्गणीचे नूतनीकरण आले की कॉलेजच्या खरेदी समितीपुढे दोनच गोष्टी येतात: पुस्तके किती आणि दर काय. सोबतचा करार न वाचताच सही होते आणि कॉपीराइट कायद्याने दिलेल्या सवलतींवर आपण पाणी सोडतो.

छापील पुस्तक दाखल रजिस्टरवर चढले की ते वाचनालयाचे झाले. ई-पुस्तकाचा मिळतो फक्त परवाना. वर्गणी थांबली की शेल्फ रिकामे. पण खरी गोम कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने उतारे काढले तर हे कलम त्याला उल्लंघन मानत नाही. अभ्यासक्रमाच्या झेरॉक्स संचांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याच आधारावर मोकळीक दिली. पण संचासाठी तोच मजकूर ई-पुस्तकातून घ्यायचा म्हटले, तर अनेक करार असे संच करायला सरळ मनाई करतात.

अंध विद्यार्थ्याचे पाहा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप लावलेली फाइल अनेकदा वाचत नाही. अशा विद्यार्थ्यासाठी वाचता येईल अशी प्रत करायला कलम ५२ मध्ये २०१२ पासून स्पष्ट मुभा आहे. कुलूप तोडण्याला कलम ६५ए खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण हेतू हक्कभंगाचा असेल तरच. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप काढता येते. दुसऱ्याला त्यात मदत करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता आणि कारण नोंदवून ठेवायचे, एवढीच अट. म्हणजे ग्रंथपालाने एक रजिस्टर ठेवले की कायदा त्याच्या बाजूने. करारात मात्र कुलपाला हात लावला तर अख्ख्या कॉलेजचे खाते बंद, असे कलम असते. मग धोका कोण पत्करणार?

ब्रिटनने २०१४ मध्ये आणि युरोपीय संघाने २०१९ मध्ये ठरावीक सवलतींपुरती अशी करारकलमे निष्प्रभ केली. आपल्या कायद्यात तशी सर्वसाधारण तरतूद नाही. कायद्याला छेद देणारा करार रद्द ठरवणारे करार कायद्याचे कलम २३ पुढे करून भांडता येईल, पण त्यासाठी वकील लावून कोर्टात उभे राहण्याची कोणत्या कॉलेजची तयारी आहे?

म्हणून खरेदी आदेश काढण्यापूर्वीच चार गोष्टी लिहून घ्याव्यात. ‘या करारातील काहीही कलम ५२ खालील हक्कांना बाधा आणणार नाही’ हे वाक्य पहिले. वर्गणी थांबल्यावरही, पैसे भरलेल्या वर्षांची पुस्तके पाहता यावीत. वाद झाल्यास न्यायक्षेत्र नागपूर. छापील मसुद्यात ते बहुधा परदेशातले असते. चौथी गोष्ट हमखास राहते: सही केलेला करार आणि संकेतस्थळावरच्या अटी यांत फरक पडला तर सहीचा करार ग्राह्य. हे नसेल, तर लॉगिन करताना कोणीतरी ‘मान्य आहे’वर बोट ठेवतो आणि महिनाभर घासाघीस करून मिळवलेली पहिली तीन कलमे वादात सापडतात.

– एक ग्रंथपाल, धरमपेठ, नागपूर