स्कॅन करताना समास कापू नका

संपादक महोदय,

जुने नकाशे संगणकावर आणण्याविषयीचा लेख वाचला. मी निवृत्त आरेखक. हल्ली क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरवर हेच करत बसतो. नकाशाचे चार कोपरे खऱ्या अक्षांश-रेखांशांशी जुळले की मंडळी खूश! पण कागद आक्रसतो, घडीपाशी ताणतो. मधलेही बिंदू घ्यावेत.

खरी गोची अंश-मिनिटांचे दशांशात रूपांतर करताना. अक्षांश २० अंश ३० मिनिटे म्हणजे २०.५. कोणी २०.३० भरतो नि बिंदू सुमारे २२ किलोमीटर सरकतो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. जुन्या नकाशाचा डेटम (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो) सरळ डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएस वापरते तो, धरला, तर शे-दोनशे मीटरची तफावत राहू शकते आणि सॉफ्टवेअर मुकाट चालते. डेटम, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत) हे बहुधा समासातच बारीक अक्षरांत छापलेले असते. नेमका तोच स्कॅन करताना कापतात!

– एक निवृत्त आरेखक