पैदास वाढली म्हणजे प्राणी वाचला?

रविवारच्या पुरवणीतील दुर्मीळ प्राण्यांच्या पाळीव पैदाशीचे कौतुक करणारा लेख वाचला. ॲक्सोलोटल हा मेक्सिकोतील सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर) आणि चिंचिला हा अँडीज पर्वतातील उंदीरवर्गीय प्राणी, दोन्ही बंदिस्त जागेत मुबलक आहेत म्हणून ‘सुरक्षित’, हा त्यातील निष्कर्ष मान्य होण्यासारखा नाही.

चिंचिलाचा घात मऊ फरने केला. चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू यांनी 1910 मध्ये शिकारबंदीचा करार केला, तोवर डोंगर जवळपास रिकामे झाले होते. 1923 मध्ये अमेरिकेत नेलेल्या अवघ्या 11 जनावरांपासून पुढे मोठा व्यवसाय उभा राहिला, पण त्यामुळे डोंगरातील कळप परतले नाहीत. लांब शेपटीचा चिंचिला आजही चिलीतील मोजक्याच ठिकाणी तग धरून आहे.

ॲक्सोलोटलची गोष्ट वेगळी आहे आणि अधिक बिकटही. त्याच्यामागे शिकारी नव्हे, तर मेक्सिको सिटीचे सांडपाणी आणि माणसानेच सोडलेले तिलापिया व कार्प मासे लागले आहेत. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडील सोचिमिल्को भागातील कालव्यांत 1998 मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे 6,000 असलेली त्याची संख्या 2014 मध्ये 36 वर आली. प्रयोगशाळा मात्र ॲक्सोलोटलनी भरलेल्या!

शिकार कायद्याने थांबवता येते, गढूळ पाणी तसे निवळत नाही. म्हणून पैदास केंद्रांइतकाच पैसा कालव्यांच्या शुद्धीकरणावर आणि चिनाम्पा शेतीवर (कालव्यांमधील मानवनिर्मित बेटांवरची पारंपरिक शेती) खर्च व्हायला हवा. लेखात त्याचा उल्लेखही नव्हता.

– एक वाचक