विटांच्या जुन्या बोर्डिंगांना सिमेंट लिंपू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुटी लागली की खानदेशातल्या जुन्या शाळांच्या बोर्डिंगांची डागडुजी निघते. अंदाजपत्रकातल्या ओळी ठरलेल्या असतात: जुना गिलावा खरवडणे, सिमेंटचा गिलावा करणे, कौले उतरवून स्लॅब टाकणे. हेतू चांगला असतो, पण शंभरी गाठलेली इमारत यानेच लवकर खचते.

पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागले ते १९१४ साली. त्याआधीच्या, आणि नंतरच्याही कित्येक इमारती चुन्यातल्या आहेत. दर्जांमधला, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतला, चुना विटेपेक्षा मऊ असतो आणि तसाच असायला हवा. भिंत तापली-हलली की ताण दर्जेत जिरतो, ओलही तिथूनच बाहेर पडते. वरून सिमेंट थापले की ओलीची वाट बंद. ती भिंतीतच वर चढते, गिलाव्यामागे क्षार साचतात आणि लोणा विटेचे तोंडच खातो. मग लोक आणखी जाड सिमेंट मारतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

काम असे करावे. सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढावे. ब्रेकर लावला तर विटेची पापडी सोबत येते. भिंत पूर्ण वाळू द्यावी. दर्जा पाऊण ते एक इंच खोल कोरून, झाडून, पाणी मारून भराव्यात. कळीचा चुना निदान पंधरा दिवस पाण्यात मुरवून गाळलेला हवा. मिश्रण एक भाग चुना, एक भाग सुरखी म्हणजे विटेची भुकटी, दोन भाग धुतलेली वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटेची घ्यावी. खंगराची, म्हणजे भट्टीत जास्त जळालेल्या विटेची, भुकटी चुन्याशी धरत नाही. भरलेल्या दर्जांवर ओले बारदान आठवडाभर तरी ठेवावे. म्हणूनच हे काम मे महिन्यात नको. आपल्याकडच्या ४५ अंशांत चुना धरण्याआधीच सुकतो आणि बोटाने भुरभुर सुटतो. सिमेंट सुटीत काढा, दर्जा दिवाळीनंतर भरा.

छताचे गणित तर साधे आहे. एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट पाख्याला दीडशेच्या आसपास मंगलोरी कौले लागतात, वजन चारेकशे किलो. तेवढ्याच जागेची पाच इंची स्लॅब तीन टनांची. शिवाय उन्हात स्लॅब फुगते आणि भिंतीचा माथा बाहेर ढकलते. स्लॅबखालची आडवी भेग त्याचीच. फुटकी कौले बदला, वाळवी लागलेला वासा तेवढा नवा घाला. अठरा इंची भिंत, समोरासमोरच्या खिडक्या, वळचणीखालचे झरोके ही या इमारतींची खरी कमाई. पोरे त्यामुळेच दुपारी आत बसू शकतात. झरोके बुजवून वर पत्रा टाकायचा आणि मग कूलरसाठी भिंत फोडायची, हा उफराटा कारभार आहे. भोक कमानीत पडले तर भार उतरायची वाटच तुटते.

कोपऱ्यातल्या पायरीसारख्या भेगांचे मूळ मात्र बहुधा खाली असते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यात भिंतीला चिकटून नवी न्हाणी बांधली आणि तिचे पाणी पायाशी मुरले की एक कोपरा वेगळाच हलतो. अशी भेग लगेच बुजवू नये. तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवून तारीख लिहावी आणि मे ते ऑक्टोबर पाहावी. काच तडकली तर भेग जिवंत आहे. आधी पाण्याचा निचरा, मग भिंत. तडकली नाही तर चुन्यात भरून मोकळे व्हावे.

संस्थाचालकांना विनंती एवढीच की निविदेत ‘सिमेंट गिलावा’ या ओळीऐवजी चुन्याच्या दर्जांचे काम वेगळे लिहावे, त्याचा दर वेगळा मागवावा, आणि ठेकेदाराला आधी एक चौरस मीटर नमुना करायला लावून तो महिनाभराने तपासावा.

— एक स्थापत्य अभियंता, धुळे