‘मेकॅनिकल’च्या प्लेसमेंटमध्ये मेकॅनिकल किती?

महोदय,

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप फेऱ्या जवळ आल्या की भोसरीतल्या आमच्या शेडवर दोन तऱ्हेचे फोन सुरू होतात. नातेवाईक विचारतात, ‘पोराला मेकॅनिकल घ्यायला लावू का? म्हणतात स्कोप राहिला नाही.’ आणि मेकॅनिकल होऊन घरी बसलेली पोरं विचारतात, ‘सर, काही व्हेकन्सी?’ बावीस वर्षं मी जॉबवर्क करतोय, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग बनवून देतोय. तीन व्हीएमसी, दोन सीएनसी लेथ अशी संगणकावर चालणारी पाच यंत्रं, चौदा माणसं. तरी दोघांनाही धड उत्तर देता येत नाही.

कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत मात्र उत्तर तयार असतं : मेकॅनिकल, प्लेसमेंट इतके टक्के. त्या टक्क्यांत कोण कोण बसलंय ते बघा. एक पोरगा हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, त्याने चार वर्षांत शिकलेलं थर्मोडायनॅमिक्स कपाटात आहे. दुसरा चाकणला अॅप्रेंटिस आहे. २०१९च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवलं आणि केंद्राच्या एनएटीएस या शिकाऊ उमेदवार योजनेत त्यातला निम्मा वाटा सरकार उचलतं. वर्ष संपलं की कंपनीने ठेवून घेतलंच पाहिजे असं बंधन नाही. तिसरा मोठ्या कंपनीच्या गेटमधून आत जातो खरा, पण गळ्यातलं कार्ड ठेकेदाराचं. तिघेही ‘प्लेस्ड’. घरी फोटो जातो तो कंपनीच्या गेटचा.

एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी कॉलेजांना पदवीधरांच्या पगाराचा मध्यक (सगळे पगार ओळीने मांडले तर मधोमध येणारा आकडा) द्यावा लागतो, आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर वाचायलाही मिळतो. पण तो चार वर्षांच्या सगळ्या पदवी शाखांचा मिळून असतो. कॉम्प्युटरवाल्यांच्या पगाराने फुगलेला आकडा बघून मेकॅनिकलच्या पोराचा बाप फी भरतो. २०२४-२५पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या कॉलेजांसाठी शाखेच्या जागांवरची वरची मर्यादा काढली. कॉम्प्युटरच्या तुकड्या अशा वाढत गेल्या तर ही सरमिसळ आणखी वाढेल.

आता आमच्या बाजूचं. गेल्या वर्षी एक बीई झालेला मुलगा मुलाखतीला आला. टेबलावर एक बुश (नळीसारखा पोकळ भाग) ठेवला, शेजारी ड्रॉइंग. बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ मिलिमीटर एच-सात. एच-सात म्हणजे काय, हे त्याने खडाखडा सांगितलं : माप २५.००० ते २५.०२१च्या आत हवं. मग ‘मोज’ म्हटल्यावर त्याने व्हर्नियर उचलला. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२. म्हणजे जेवढा टॉलरन्स (मापात चालणारा फरक), तेवढंच मोजपट्टीचं एक घर! बाजूला बोअर गेज आणि गो-नोगो प्लग गेज, भोक नेमकं तपासायची ही दोन्ही साधनं, पडले होते. ते कॉलेजात कपाटात कुलूपबंद असायचे, असं तो म्हणाला. पहिल्या वर्षाचा फिटिंगचा जॉब, म्हणजे कानशीने घासून करायचा लोखंडी तुकडा, कसा केलास विचारलं, तर हसला. आमच्या वेळीही तो तयार विकत मिळायचा, त्यामुळे मीही हसलो. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता.

त्याला मी घेतलं. हातात अठरा हजार. माझ्याकडचा दहा वर्षांच्या अनुभवाचा सेटर (मशीन कामाला लावून देणारा), आयटीआय झालेला, चौतीस हजार घेतो आणि त्यातला एकेक रुपया वसूल करून देतो. अठरा हजारांत पिंपरी-चिंचवडमध्ये कॉट बेसिसवर राहून, मेस भरून हाती काय उरतं, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या पार्टचा दर आम्ही ठरवत नाही. मोठ्या कंपनीकडून दरवर्षी ‘कॉस्ट डाऊन’चा मेल येतो, तीन टक्के कमी करा, नाहीतर कोटेशन दुसऱ्याला जाईल. ती तीन टक्के कुठून निघतात? इन्सर्टच्या, म्हणजे कापायच्या पात्यांच्या, किमतीतून नाही, विजेच्या बिलातूनही नाही. नव्या पोराच्या पगारातून निघतात. ‘स्किल नाही’ म्हणून ओरडणाऱ्यांत मीही असतो, पण निम्म्या वेळा ती ओरड या हिशेबावरचं पांघरूण असते, हे कबूल करायला हवं.

काम संपलेलं नाही. पन्नाशी ओलांडलेला टूलरूममधला, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवणारा, माणूस निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या जागेवर बसेल असा माणूस शोधता शोधता आम्ही थकतो. फिक्श्चर (पार्ट पकडून ठेवायची चौकट) डिझाइन करणं, ड्रॉइंगवरच्या जीडीअँडटीच्या खुणा वाचणं, सीएमएम या मोजणी यंत्रावर रिपोर्ट काढणं जमणाऱ्याचा पगार चार-पाच वर्षांत दुपटीच्या पुढे जातो. पहिली तीन वर्षं तग धरायची कशी, एवढंच कोणी सांगत नाही.

म्हणून तंत्रशिक्षण संचालनालयाकडे एकच मागणी. प्रत्येक कॉलेजने शाखानिहाय तक्ता लावावा : किती जण त्याच क्षेत्रात लागले, किती कंपनीच्या रोलवर, किती ठेकेदाराच्या, किती अॅप्रेंटिस, आणि हातात येणाऱ्या पगाराचा मध्यक किती. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी तो दिसला पाहिजे.

बुशवाला मुलगा आता बोअर गेज बरा लावतो. तो रुजू झाल्यावर महिनाभराने त्याच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमधून मला फोन आला. ऑफर लेटरची प्रत हवी होती. ‘पगाराचा आकडा खोडून पाठवला तरी चालेल,’ म्हणाले.

– एक लघुउद्योजक, भोसरी